मागच्या शेडमधली लोकर

सीताफळाचा डोळा गळून पडला तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं, आपल्याच हातून काहीतरी राहिलं. धारूरच्या डोंगराला सीताफळं अमाप. फळाच्या अंगावर जे उंचवटे असतात त्यांना आमच्याकडं डोळे म्हणतात. डोळे उघडले की फळ उतरवायचं. मी गालिच्यावर जे सीताफळ काढलं होतं त्याचे डोळे राखाडी लोकरीचे होते, काळ्या लोकरीवर सुईनं टोचून बसवलेले. दोघींनी टोकं धरून गालिचा झटकला आणि त्यातला एक डोळा सुटून फरशीवर पडला. वाऱ्यानं तो पार भिंतीपर्यंत घरंगळत गेला.

"टोचणं कमी पडलंय," आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या. "अजून टोचा."

ते वर्ष दुष्काळाचं होतं. ओढा कोरडा, विहिरींना तळ दिसायचा, तेलगावच्या रस्त्याला चारा छावणी लागलेली. गावाबाहेर जिनिंगची एक जुनी शेड होती. कापूसच नव्हता, मग जिनिंग कशाची चालणार? त्या बंद शेडमध्ये बायकांची लोकर सोसायटी निघाली. निघाली म्हणजे गावच्या पुढाऱ्यांनी काढली आणि चेअरमन म्हणून स्वतःच्या बायकोला बसवलं. सगळे त्यांना वहिनीसाहेब म्हणत. सभासद आम्ही, गावातल्या आणि वस्तीतल्या बायका. आमची वस्ती बौद्धांची, ओढ्याच्या पलीकडं.

माझे मालक ऊसतोडीच्या टोळीत होते. त्या साली उसाअभावी कारखान्याचा पट्टा लवकर पडला, म्हणजे गाळप थांबलं, आणि टोळी अर्ध्यातूनच घरी आली. ते दिवसभर दारात बसून असायचे. सोसायटीचं ऐकल्यावर म्हणाले, "कावून देतेत हे काम? इलेक्शन तर लांब हाय."

"द्यायलेत तर घ्यावं," मी म्हणाले.

"घे की. पण डोळे उघडे ठेव."

आमच्या वस्तीत तेव्हा असंच होतं. टँकर आला तरी लोक आधी ड्रायव्हरच्या तोंडाकडं बघायचे, मग पाण्याकडं. कोण कुणाला काय देतंय आणि त्याच्या मागं काय आहे, याचा हिशोब प्रत्येकाच्या डोक्यात चालू असायचा.

शिकवायला पुण्याकडून एक मॅडम आल्या होत्या. चष्मा, सुती साडी, बोलणं हळू. गालिचा कसा करायचा ते त्यांनी पहिल्याच दिवशी करून दाखवलं. लाकडी चौकटीवर गोणपाट ताणून बसवायचं. खाली लोकरीचा धागा धरायचा, वरून आकडा घालायचा आणि धागा वर ओढून घ्यायचा. वर जो वेटोळा येतो त्याला मॅडम लूप म्हणायच्या, आम्ही कुरळे म्हणायचो. कुरळ्याला कुरळा लागून भरत गेलं की गालिचा उभा राहतो. बारीक काम, म्हणजे पाखराची चोच नाहीतर पानाची शीर, आकड्यानं होत नाही. त्यासाठी काटेरी सुई. हिच्या टोकाला बारीक खाचा असतात. पिंजलेली लोकर चिमूटभर ठेवायची आणि सुई खालीवर टोचत राहायचं. खाचा तंतू ओढून खालच्या तंतूंत गुंतवतात, आणि दोरा नाही, डिंक नाही, तरी लोकर लोकरीला घट्ट धरून बसते.

नक्षी काढायचं काम माझ्याकडं आलं. मी दहावीपर्यंत शिकले होते आणि शाळेत भूगोलाचे नकाशे सगळ्या वर्गाला मीच काढून द्यायची. मॅडमनी कोळसा हातात देऊन म्हटलं, "काढ काहीतरी." मी मोर काढला.

"हा मोर कुठं पाहिलास?"

"क्यालेंडरवर."

त्या हसल्या आणि गोणपाट उलटं केलं. उलट्या बाजूला मी सीताफळ काढलं. पण आख्खं नाही. गालिच्याच्या एका कोपऱ्यातून अर्धंच आत आलेलं, एवढं मोठं की डोळ्यांच्या रांगा वळत वळत दुसऱ्या टोकाला जाव्यात. त्याच्या शेजारी एक फोडलेलं फळ, पांढरा गर आणि त्यात काळ्या बिया. मॅडमनी डोळ्यांच्या रांगांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "रंग कोणते?"

"रंग कशात करणार? पाणी कुठंय?" मी म्हणाले.

रंगवायला पातेलं पातेलं पाणी लागतं, आणि आम्हाला प्यायलाच टँकरचं. म्हणून मेंढीच्या अंगावर जे रंग असतात तेवढेच घ्यायचे ठरले: काळा, कॉफी, राखाडी आणि थोडासा पांढरा. मी नक्षी त्या हिशोबानं बसवली. फळाचं अंग काळं, दोन डोळ्यांमधल्या भेगा पांढऱ्या, डोळ्यावर राखाडी उजेड. एका मोठ्या दुकानानं तशा गालिच्यांची मागणी नोंदवली असं वहिनीसाहेबांनी येऊन सांगितलं, आणि शेडमध्ये काम जोरात सुरू झालं.

शेडला दोन भाग होते. पुढं मोठा हॉल, मागं पत्रा टाकून काढलेली पडवी. आम्ही तिला मागची शेड म्हणायचो. गावातल्या बायका पुढं बसल्या, वस्तीतल्या मागं. "जागा कमी आहे म्हणून," असं वहिनीसाहेब म्हणाल्या. जागा खरोखरच कमी होती, आणि मागं वारा बरा लागायचा. पण सगळ्यांनी ते मनात ठेवलं.

डोळे गळायला लागले ते फक्त मागच्या शेडमध्ये. आम्ही जास्त टोचायला लागलो. सुया मोडल्या. बोटांना टोचून टोचून रक्त यायचं. तरी झटकलं की बिया पडायच्या, गर विस्कटायचा, कुरळे तुटून गोणपाट उघडं दिसायचं. पुढच्या बायकांचे गालिचे मात्र पायानं घासले तरी जसेच्या तसे. वहिनीसाहेब एकदा मागं आल्या, पडलेला भुगा चपलेच्या टोकानं बाजूला केला आणि म्हणाल्या, "जरा मन लावून करा गं. पुढं बघा कसं करतात."

त्या गेल्यावर एकजण म्हणाली, "ह्यांच्या मनात आपल्याला काढायचंय. काम खराब हाय म्हणून नाव काढून टाकणार."

दुसरी म्हणाली, "उगं कशाचं काय लावू नको."

मला मात्र ते लागलं. नक्षी माझी होती. पुढं आणि मागं एकच नक्षी, एकच सुई, शिकवणारीही एकच. मग वेगळं काय होतं?

माझ्या सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्याही मागच्या शेडमध्ये लोकर पिंजायला बसायच्या. म्हातारी बोलायला कमी, पण नाक तिखट. एके दुपारी त्यांनी पिंजता पिंजता हात थांबवला, लोकर नाकाशी नेली आणि परत पोत्यात टाकली. पदराला हात पुसले. मग उठून घरी निघून गेल्या.

संध्याकाळी मी विचारलं, "काय झालं वं आत्याबाई?"

"ती लोकर कातरलेली न्हाई. उपटलेली हाय."

"म्हंजी?"

"मेल्या मेंढराची हाय. ऊन दिलं की वास जातो, हाताला घाम आला की परत येतो. मला वळखू येतो. मी लहान असताना आमच्या घरात व्हता तो वास."

आमच्या घरच्या जुन्या माणसांनी मेलेली ढोरं ओढायचं, त्यांचं कातडं काढायचं काम सोडलं ते दीक्षा घेतली तेव्हा. एका दिवसात सोडलं, आणि त्यापायी गावानं जो त्रास दिला तोही सोसला. आत्याबाई त्या वेळी परकर घालायच्या वयाच्या होत्या. आमच्या घरात या गोष्टीचा पाठ कुणी घेतला नाही, पण घरातल्या प्रत्येकाला ती माहीत होती. आता तेच काम पोत्यात भरून, वर सोसायटीचं नाव लावून कुणी आमच्या पुढ्यात ठेवलं होतं का?

मी लगेच विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी आमच्या पोत्यातून एक बट काढली आणि उजेडात धरली. मुळाशी पापुद्र्यासारखं काहीतरी चिकटलेलं होतं, पिवळसर, वाळलेलं. दोन्ही टोकं धरून ओढली तर बट मधूनच तुटली, टचकन आवाज करून. मग मी कोळसा घेतला आणि नक्षी दुरुस्त करायच्या निमित्तानं पुढं गेले. शेडमध्ये पुढं-मागं मोकळेपणानं फिरायची मुभा फक्त मला होती, नक्षीमुळं. पुढच्या पोत्यातली बट ओढली. तुटली नाही. अजून जोरानं ओढली, तरी नाही.

तेव्हा माझं लक्ष पोत्यांकडं गेलं. मागं येणाऱ्या प्रत्येक पोत्यावर खडूनं एक गोल काढलेला असायचा. मी रोज बघत होते, पण वजनाची खूण असेल असं समजत होते. पुढच्या एकाही पोत्यावर गोल नव्हता.

पुढं बसणाऱ्यांत माझी शाळेतली मैत्रीण होती. सातवीपर्यंत एका बाकावर बसलो होतो. लग्नही तिचं गावातल्या गावातच झालं. गोदामातून पोती काढून द्यायचं काम ती करायची, चावी वहिनीसाहेबांकडं असायची. मी तिला बाजूला घेतलं.

"गं, पोत्यावर गोल कोण काढतं?"

तिनं चौकटीवरची नजर वर केली नाही. "मला काय म्हायती."

"तूच तर पोती काढतीस."

"मी सांगितलेली पोती काढते. काम कर बाई तुझं."

लहानपणापासून तिचं खोटं मला ओळखू यायचं. खोटं बोलताना ती खालचा ओठ आत घ्यायची. तेव्हाही घेतला. त्यानंतर मी शेडमध्ये कुणाशीच मोकळं बोलले नाही. वहिनीसाहेबांवर संशय, मैत्रिणीवर संशय, मॅडमवरही. मॅडमनी आमच्या तुटक्या सुया पाहिल्या होत्या. आमची लोकर हातात घेऊन, चष्मा वर सरकवून निरखली होती. आणि तरी सांगितलं ते एवढंच की अजून टोचा. ज्या बाईनं आख्खं आयुष्य लोकरीत काढलं, तिला बट ओढून बघायचं सुचलं नसेल?

सोसायटीला लोकर विकणारा धनगर तेलगावच्या बाजूला उतरला होता. मी आणि आत्याबाई बसनं गेलो. छावणीत मेंढरांना जागा नव्हती, म्हणून त्याचा तळ एका उजाड शेतात होता. मेंढरांच्या फासळ्या दिसत होत्या. आम्हाला बघून धनगर उठला, पण जवळ आला नाही.

"कुणी धाडलंय तुमाला?" त्यानं लांबूनच विचारलं.

"कुणी न्हाई मामा. आमी सोसायटीत लोकर पिंजतो."

"मग इकडं कावून आलाव? माझी मेंढरं रोगी हायेत म्हणून लिवून द्यायचंय का कुणाला?"

त्याला आमचा संशय, आम्हाला त्याचा. उन्हात तसंच उभं राहिलो. शेवटी त्याची बायको पालातून बाहेर आली. तिनं आत्याबाईंकडं पाहिलं आणि एक घोंगडं पसरलं. आत्याबाईंनी पदराच्या गाठीतून दोन्ही बटा काढून तिच्या हातावर ठेवल्या. एक तुटणारी, एक न तुटणारी.

त्या बाईनं दोन्ही बटा बोटांत चोळून पाहिल्या. मग म्हणाली, "आमी लपवलं न्हाई माय. लई मेंढरं गेली अवंदा. पोटच्या लेकरावानी असतेत. गेलेल्याची लोकर मातीत घालायला जीव व्हईना, म्हणून उपटली. पण वेगळी बांधली. वेगळी हाय म्हणून सांगून दिली. गाडीत दोघी आलत्या, तुमची चेअरमनबाई आन ती चष्म्यावाली. दोघींच्या देखत सांगितलं."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"चष्म्यावाली म्हणली, उशा भरायला व्हईल, वेगळी ठेवा. चेअरमनबाई म्हणली, बघू."

धनगर तोवर जवळ येऊन बसला होता. तो म्हणाला, "जित्या मेंढराची पण तुटती आता. पोटात चारा न्हाई तर लोकरीत जीव कुठून येणार? पण ही तुमच्या हातातली गेलेल्याचीच हाय."

येताना बसमध्ये आत्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या. मी विचारलं, "आता काय करायचं?"

"इचारायचं," त्या म्हणाल्या. "तोंडावर इचारायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही मागच्या शेडमधल्या सगळ्याजणी पुढच्या हॉलमध्ये गेलो. वहिनीसाहेब खुर्चीवर होत्या, मॅडम त्यांच्या शेजारी. पुढच्या बायकांचे आकडे थांबले. मी गोल काढलेलं पोतं ओढत आणलं आणि मधोमध ठेवलं.

"वहिनीसाहेब, ही लोकर मेलेल्या मेंढरांची आहे. ती फक्त आमच्याकडंच कशी येते?"

मॅडम पटकन म्हणाल्या, "ती उशांसाठी वेगळी ठेवायची होती. मी तसं सांगितलं होतं."

"मग आमच्याकडं कुणी पाठवली?"

मॅडमनी वहिनीसाहेबांकडं पाहिलं. मला वाटलं होतं, वहिनीसाहेब नाकारतील, चिडतील, कुणाचं तरी नाव घेतील. तसं काहीच झालं नाही. त्या अगदी सहज म्हणाल्या, घरात भाजी कुणाला वाढायची ते सांगावं तशा:

"मीच सांगितलं. वाया कशाला घालवायची? गावातल्या बायकांनी हात लावला नसता. तुम्हाला सवय असते, म्हणून तुमच्याकडं दिली. त्यात एवढं काय?"

इतके दिवस मी संशय घेत होते, आणि मनातून कुठंतरी तो खोटा ठरावा असं वाटत होतं.

आत्याबाई पुढं झाल्या. "सवय व्हती," त्या म्हणाल्या. "ती आमी सोडली. गावादेखत सोडली. तुमच्या सासऱ्यानं तवा आमचं पाणी बंद केलतं. तुमाला घरात कुणी सांगितलं न्हाई का?"

वहिनीसाहेबांचा चेहरा उतरला की कडक झाला, ते मला नीट सांगता येणार नाही. आम्ही आमचे आकडे आणि सुया टेबलावर ठेवल्या आणि बाहेर पडलो.

त्यानंतर आम्ही शेडकडं गेलो नाही. वस्तीत दोन तट पडले. काहीजणी म्हणायच्या, पोट महत्त्वाचं. रोजगार हमीवर खडी फोडण्यापेक्षा सावलीतलं काम बरं होतं. काहीजणी म्हणायच्या, आत्याबाईंनी केलं तेच बरोबर. अशातच एक दिवस वस्तीचा टँकर आलाच नाही. हंडे रांगेत तसेच राहिले आणि सगळे एकमेकांकडं बघायला लागले. माझे मालक म्हणाले, "झालं सुरू." दुसऱ्या दिवशी टँकर आला. ड्रायव्हर म्हणाला, टायर फुटला होता. फुटला असेलही. आम्ही त्याची चारही चाकं निरखून पाहिली, पण जुन्या चाकात नवं काय दिसणार?

शेडमध्ये मात्र माझ्यावाचून अडलं होतं. नक्षी काढलेली गोणपाटं संपत आली होती, आणि सीताफळाच्या डोळ्यांच्या रांगा वळवणं दुसऱ्या कुणाला जमेना. एकीनं काढून पाहिलं तर फणस झाला, असं कानावर आलं. मी हसले नाही.

मग एका दुपारी माझी मैत्रीण ओढा ओलांडून आमच्या दारात आली. काखेत कोरं गोणपाट. मी तिला बस म्हणाले नाही.

"कुणी धाडलं?"

"कुणी न्हाई."

"मग कावून आलीस?"

ती उभ्यानंच बोलली. "ते गोल मीच काढायची. मला सांगितलं, ह्या पोत्यांवर खूण कर. मी केली. मला वाटलं, हलक्या मालाची खूण हाय. मंग एक दिवस पोतं पाठीवर घेतलं आन वास आला. तवा कळलं. पर बोलले न्हाई."

"आता कावून बोलतीस?"

"तू इचारलंस तवा बोलायला पायजे व्हतं. सासरचे समदे त्यांच्याच शेतात कामाला हायेत. भ्याले."

मी तिच्या ओठाकडं पाहिलं. तो जागच्या जागी होता. तरीही मी लगेच नरमले नाही. मी विचारलं, "पुढच्या बायका काय म्हणतेत?"

तेव्हा तिनं जे सांगितलं ते ऐकून आत्याबाई आतून बाहेर आल्या. पुढच्या बायकांनीही काम थांबवलं होतं. आमच्यासाठी नाही. त्या दिवसापासून त्यांनाच शंका यायला लागली होती की आपल्याही पोत्यात ती लोकर मिसळली असेल. जी ती बट ओढून बघत होती, वास घेत होती, शेजारणीला घ्यायला लावत होती. एकीनं तर घरी जाऊन डोक्यावरून पाणी घेतलं म्हणे, अशा पाणीटंचाईत. वहिनीसाहेब शपथा घेऊन सांगत होत्या, पण कुणी त्यांच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हतं.

"आता कळलं म्हणावं," आत्याबाई म्हणाल्या आणि तेव्हा कुठं माझ्या मैत्रिणीला पाण्याचा तांब्या दिला.

निरोप दोन दिवसांनी आला, मॅडमकडून. सगळ्यांनी यावं, जसं म्हणाल तसं करू. आम्ही गेलो, पण आत शिरलो नाही. अंगणातच उभं राहून आम्ही आमचं म्हणणं सांगितलं. सगळी पोती इथं उन्हात उलटी करायची. पुढची, मागची, गोदामातलीही. सगळ्यांनी मिळून निवडायची. गोदामाची दुसरी चावी वस्तीतल्या बाईकडं राहील. आणि पुढं-मागं बसणं बंद. जी आधी येईल ती हवी तिथं बसेल.

वहिनीसाहेब दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याला विचारते असं म्हटलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. पण त्यांनी कमरेची चावी काढून माझ्या मैत्रिणीकडं फेकली. "काढ सगळी पोती."

लोकरीचा डोंगर झाला अंगणात. आम्ही गोल करून बसलो आणि एकेक बट ओढून बघायला लागलो. तुटणारी एका बाजूला, न तुटणारी दुसऱ्या. पुढच्या पोत्यांतही थोडी खराब लोकर निघालीच. ती निघाली तेव्हा पुढच्या बायकांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. त्यांनी हातातली टाकली, हात पदराला पुसले आणि पुढची बट घेतली. आमच्यासारखंच.

खराब लोकरीचं काय करायचं, यावर मॅडम परत उशांबद्दल बोलायला लागल्या. आत्याबाई म्हणाल्या, "उशी न्हाई. खड्डा." वहिनीसाहेबांच्या मोसंबीच्या बागेत नव्या रोपांसाठी खड्डे घेतलेले होते, पाण्यावाचून मोकळेच पडलेले. लोकर तिथं पुरली. आम्ही बैलगाडीच्या मागं मागं चालत गेलो आणि माती पडेपर्यंत तिथून हललो नाही. कुणी उकरून परत आणणार नाही याची खात्री करायला आत्याबाई दुसऱ्या दिवशीही एक चक्कर मारून आल्या.

काम परत सुरू झालं तेव्हा मी नक्षी बदलली. जिवंत मेंढरांची लोकरही त्या साली अशक्तच होती, धनगर म्हणाला ते खरं होतं. म्हणून नुसती सुईनं वर चिकटवलेली नक्षी टिकणार नव्हती. मी डोळे आकड्यानंच उंच भरून घेतले, कुरळ्याला कुरळा दाबून, आणि वरून कातरीनं गोल कापले. सुईचं काम फक्त कडेला ठेवलं, भेगांच्या बारीक रेषांसाठी. बिया आधी गोणपाटाच्या खालून धागा आणून बांधायच्या आणि मगच टोचायच्या. मॅडमनी ते पाहिलं, झटकून बघितलं. काहीच पडलं नाही.

"हे आधीच करायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणाले. "तुम्हाला लोकर कळत होती ना, मॅडम?"

त्यांनी चष्मा पुसायला घेतला. "मला वाटलं, जिवंत मेंढीचीच आहे, दुष्काळातली," त्या म्हणाल्या. "तशीही तुटते."

ते खरंही असू शकतं. धनगरानंही तेच सांगितलं होतं. पण मुळाशी लागलेला तो पापुद्रा त्यांना दिसला नव्हता, हे मला आजही पटत नाही. मी त्यांच्याकडून पुढं बरंच शिकले. माणूस म्हणून त्या वाईट नव्हत्या. तरी त्या एका उत्तराबद्दल माझं मन कधीच साफ झालं नाही.

गालिचे वेळेत गेले. ट्रक हलल्यावर वहिनीसाहेबांनी सगळ्यांना चहा सांगितला. आत्याबाई पंख्याखाली, पुढच्या दाराशी बसल्या होत्या. गावातली जुनी मंडळी त्यांना उठ म्हणाली असती, पण कुणी म्हणालं नाही. वहिनीसाहेब स्वतः किटली घेऊन फिरत होत्या. आत्याबाईंच्या पुढ्यात त्यांनी कप ठेवला, तसाच कप स्वतःला भरला आणि खाली सतरंजीवर बसल्या. आत्याबाईंनी कप उचलला नाही. वहिनीसाहेबांनी पहिला घोट घेईपर्यंत त्या थांबल्या. मग त्यांनी कप तोंडाला लावला.

"साखर कमी हाय," त्या म्हणाल्या.

वहिनीसाहेबांनी साखर मागवली.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. टोळ्या उसाला गेल्या, बऱ्याच बायकाही गेल्या. सोसायटी आणखी काही वर्षं चालली आणि मग पुढाऱ्यांचं लक्ष दुसरीकडं गेल्यावर हळूहळू बंद पडली. मी आणि माझी मैत्रीण अजून गालिचे करतो, तिच्या ओसरीवर. नक्षी मी काढते, लोकर ती आणते. त्या गोलांबद्दल आम्ही परत कधी बोललो नाही. पण ती पोतं आणते तेव्हा माझ्यासमोरच उघडते, आतली लोकर दोन्ही हातांनी वर काढून दाखवते, आणि मी बघून होईपर्यंत उभी राहते. तिला बस म्हणायला मला अजूनही थोडा वेळ लागतो.